पंक्चर न होणारं चाक

तुमसर तालुक्यात आमची चार एकर धानाची शेती. बाबांच्या काळी बंडीला लाकडी चाकं होती. आरे ढिले झाले की लोहार लोखंडी धाव तापवून चढवी, वर पाणी ओती. धाव आकसली की चाक घट्ट आवळलं जाई.

1982 साली मी हवेच्या टायरची बंडी केली. ओढायला हलकी, पण बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा केला. एकदा पंधरा पोती धान भरलेली बंडी भर रस्त्यात बसली. पोती उतरवा, चाक खोला, डोक्यावर घेऊन तीन मैल चाला!

पुढे एका राईस मिलमध्ये पोती वाहणारे ठेले पाहिले. चाकं भरीव रबराची. खिळ्यावरूनही हमाल बिनघोर ढकलत होते. मला वाटलं, हेच पाहिजे. भंगारातून फोर्कलिफ्टची दोन भरीव चाकं आणली आणि मिस्त्रीकडून बंडीला बसवून घेतली. बाबा एवढंच म्हणाले, "चाक उचलून पाहिलंस का रे?" मी हसण्यावारी नेलं.

पक्क्या रस्त्यावर ठीक चाललं. पहिल्या पावसानंतर बांधीत शेणखत न्यायला गेलो, तर चाकं रुतली. बैलांनी जीव तोडून ओढलं. आठवडाभरात डाव्या बैलाचा खांदा आला. ऐन रोवणीत शेजाऱ्याची जोडी मागावी लागली. बाबा रोज त्या खांद्याला हळद-तेल लावत. मला मात्र एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दोष चाकाचा नव्हता. पंक्चरपलीकडे मी काही पाहिलंच नव्हतं. हवेचं टायर ओझ्याखाली थोडं पसरतं, म्हणून मऊ जमिनीत कमी रुततं आणि धक्काही गिळतं. भरीव चाक फारसं पसरत नाही. त्यातून माझी चाकं लहान आणि जड. नाकापेक्षा मोती जड! शिवाय भरीव रबर वेगात आतून तापतं आणि ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून त्याची जागा सपाट, कडक जमिनीवर, सावकाश चालीत, थोड्या अंतरावर. गोदामात, कारखान्यात ते सोन्यासारखं.

आता गावोगावच्या मिलमध्ये यंत्रं वाढली आहेत. तुमच्या घरचं कोणी असं चाक घेणार असेल, तर आधी जमीन पाहा, मग ओझं आणि रोजची धाव. चाकावरची भारक्षमता वाचा. पोत्यांसोबत गाडीचं वजनही धरा. रिमचं माप तंतोतंत जुळवा. चांगल्या भरीव टायरात तळाशी तारांचा कडक थर, मध्ये लवचिक रबर आणि वर झिजेला टिकणारा थर असतो. काहींच्या बाजूला झिजेची रेघ असते. रबर तिथवर आलं की चाक बदला. भेगा पडल्या किंवा रबर रिमपासून सुटलं, तरी थांबू नका. धान्याच्या गोदामात काळे डाग नको असतील, तर डाग न पाडणारं पांढरं रबरही मिळतं.

त्या पावसाळ्यात बंडीला पुन्हा हवेचे टायर चढले. भरीव चाकं मी खळ्यावरच्या ठेल्याला लावली. तिथे ती वर्षानुवर्षं चालली. बैलाचा खांदाही भरून आला, पण जू ठेवायला गेलं की तो मान बाजूला घेई. तेव्हापासून कोणतंही चाक घेताना मी आधी ते उचलून पाहतो.