बिनदाराच्या गावातला फायरमन

माझा मामेभाऊ फायरमन व्हायचं म्हणतोय आणि आमच्या मामाची झोप उडालीय. मामाचं घर शनिशिंगणापूरजवळच. मागच्या आठवड्यात फोन आला, "ये आणि समजाव त्याला, पुण्यात चिकटव कुठेतरी." मी आयटीवाला, त्यामुळे समजावण्याचा मक्ता आपोआप माझ्याकडे :-)

शिंगणापूर तुम्हाला माहीत असेलच. रिवाज असा की घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी टेकवायची. २०११ साली युको बँकेनेही इथे बिनकुलपाची शाखा काढली. दर्शनाला गेलो तेव्हा भावाला म्हटलं, "बरंय की, आग लागली तर दार तोडायला नको." तो हसला नाही.

"दादा, दार बंद असलं तर धूर थोडा वेळ तरी एका खोलीत अडतो. माणसं भाजण्यापेक्षा धुरानेच जास्त मरतात. आणि दार उघडायच्या आधी आम्ही हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, तापलंय का. एकदम उघडलं तर हवा आत जाते नि भडका अंगावर येतो."

'आम्ही' म्हणे! पठ्ठ्याने अजून फॉर्मसुद्धा भरलेला नाही.

६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली, ११ पेशंट गेले. तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात आहे. मी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाच्या इंजिनिअरिंग डिग्रीचा विषय काढून पाहिला. पण त्याला आणखी चार वर्षं थांबायचं नाही. मुंबईच्या २०२३ च्या भरतीत ९१० जागा होत्या. १९ फुटांवरून उडी, ५० किलोचा पुतळा खांद्यावर, ८०० मीटर ३ मिनिटांत. सगळं पाठ.

मामा शेवटी तडजोडीवर आला. "बरं, चार वर्षं कर. मग साहेब हो आणि ऑफिसात बस." आमच्याकडे असंच असतं ना, प्रमोशन झालं की कोड सुटला! भावाने मग ९ मे २०१५ ची काळबादेवीची आग सांगितली. गोकुळ निवास. त्या आगीत चार अधिकाऱ्यांचा जीव गेला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते.

"म्हणजे साहेब झाला तरी आत जायचं?" मामा.

"साहेब पुढे असतो, आबा."

मामा उठून गोठ्याकडे गेला. मी पुण्यातल्या ओपनिंगची यादी नेली होती, ती बॅगेतच राहिली.

सध्या भाऊ पहाटे सोनईच्या रस्त्याला धावतोय. आठशे मीटरला अजून बारा सेकंद जास्त लागताहेत.