एकरी किती?

किंमत सांगायची वेळ आली की माणसाची मोठी पंचाईत होते. एरवी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा गृहस्थ स्वतःची वस्तू भाड्याने देताना मात्र "तुम्हीच काय ते समजून द्या" असे म्हणतो. आणि समोरच्याला काही समजले नाही म्हणून पुढे वर्षभर मनातल्या मनात झुरतो! रत्नागिरीकडची माझी आंब्याची कलमे मी बरीच वर्षे कराराने देत आलो आहे. तेवढ्या पुण्याईवर नातेवाइकांत मी या विषयातला जाणकार ठरलो आहे. पण माझ्या भाच्याने टेक्सासहून फोनवर विचारलेला प्रश्न ऐकून मीही क्षणभर गप्प झालो.

"मामा, हरणांच्या शिकारीसाठी जमीन भाड्याने द्यायची तर एकरी किती घ्यावेत?"

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि बंदुका खुंटीला लागल्या. टेक्सासची तऱ्हा निराळी. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची. गंमत अशी, की त्या जमिनीवर फिरणारे हरीण मात्र मालकाचे नव्हे. कायद्याने ते राज्यातल्या जनतेचे. शिकाऱ्याने सरकारी परवाना काढायचा, भाडे घेणाऱ्या मालकानेही निराळा परवाना काढायचा. मग मालक विकतो तरी काय? फाटकाची किल्ली! आत येण्याचा, झाडाआड बसून पहाटेची वाट पाहण्याचा हक्क. हंगाम सुरू होतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्याच्या आसपास.

भाच्याची जमीन लॅनो परगण्यात आहे. २०० एकर, खडकाळ, ओकच्या झाडांची. हा परगणा स्वतःला हरणांची राजधानी म्हणवून घेतो. पूर्वी तिथे एका माशीच्या अळ्या नवजात पाडसांच्या नाळेच्या जखमेत शिरत आणि कितीतरी पाडसे दगावत. १९६० च्या दशकात त्या माशीच्या निर्मूलनाची मोठी मोहीम झाली आणि पांढऱ्या शेपटीची हरणे भराभर वाढली. आता ती इतकी झाली आहेत, की कोवळा पाला पुरत नाही आणि हरणेच खुरटत जातात. थोड्या माद्या दरवर्षी कमी व्हाव्यात, असे तिथले जाणकार सांगतात.

जमिनीबरोबर भाच्याला एक जुना भाडेकरूही मिळाला होता. निवृत्त शाळामास्तर आणि त्याचे दोन मुलगे. एकरी ८ डॉलर, म्हणजे वर्षाला १,६०० देत. हंगामात दोन-तीन माद्या मारत, मांस घरी नेत; एरवी तुटलेले कुंपण न सांगता बांधत. यंदा शहरातली सहा जणांची मंडळी आली आणि एकरी २० डॉलर देऊ म्हणाली. चार हजार! भाच्याचा जीव तिथे अडकला. भाचेसुनेचा त्याहून निराळ्या जागी अडकला होता. तिने फोन घेऊन विचारले, "मामा, मुळात हे पैसे घ्यावेतच का?"

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. भाच्याला मात्र मी आमच्या वाडीतल्या एका बागेची हकिगत सांगितली. मालकाने लिलाव करावा तशी बोली वाढवली. ठेकेदाराने दिली. पण दिलेला पैसा वसूल व्हायला हवा ना! त्याने झाडांच्या मुळांशी पॅक्लोब्युट्राझोल नावाचे संजीवक प्रमाणाबाहेर ओतले. दोन वर्षे मोहोर असा आला की लोक बघायला जात. तिसऱ्या वर्षी फांद्या सुकू लागल्या आणि ठेकेदार दुसऱ्या गावी निघून गेला. भाडे फार चढले की घेणारा पाहुणा राहत नाही, वसुली कारकून होतो. २०० एकरांत सहा बंदुका आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या वाट्याचे साडेसहाशे डॉलर. मग मोठ्या शिंगांचा प्रत्येक नर त्यांना देणेकरीच दिसणार.

उलट भाडे फार कमी असले तरी वाईटच. जमीन काहीच देत नसली, की मालकाला तिचे तुकडे पाडून बंगल्यांसाठी विकावीशी वाटते. आणि प्लॉटांवर हरणेही राहत नाहीत आणि मास्तरही.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो तिकडे, मी इकडे. कराचा वाटा, विम्याचा हप्ता, परवान्याची फी, पावसाने वाहून जाणारा रस्ता. शेजाऱ्यांचे दर विचारले. पाणी आहे का, शहर किती दूर, राहायला खोली आहे का, हेही पाहिले. कारण दर जमिनीला मिळतो तसा सोयीलाही मिळतो. सगळे मिळून एकरी १३ डॉलर योग्य वाटले. त्यातून कुंपणाच्या कामाचा एक डॉलर वजा केला. १२ राहिले. बंदुका तीनच, करार तीन वर्षांचा आणि लेखी. किती नर, किती माद्या तेही कागदावर. मास्तर थोडा कुरकुरला, मग कबूल झाला.

सही व्हायच्या आधी भाचेसुनेने आपली अट घातली. घरासमोरच्या ओढ्यावर पाडसे घेऊन माद्या पाण्याला येतात. त्या ४० एकरांत बंदूक वाजता कामा नये. भाचा म्हणाला, "ठीक आहे, मास्तरला सांगतो." मी म्हटले, "अरे, सांग. पण मग भाडे १६० एकरांचेच घे. दया तुमची आणि तिचे पैसे मास्तराने का भरायचे?"

फोनवर थोडा वेळ शांतता होती. ४० गुणिले १२, ४८० डॉलर. मग सूनबाईचाच आवाज आला, "बरोबर आहे, मामा. ते आम्ही सोसू."

करार १,९२० डॉलरना झाला. मास्तराला ३२० जास्त पडले, भाच्याला चार हजारांतले निम्म्याहून कमी मिळाले. यंदा हंगामाच्या पहिल्या पहाटे मास्तर आपल्या मचाणावर असेल आणि सूनबाई ओढ्याकाठी चहाचा पेला घेऊन बसलेली असेल. तिच्या त्या ४० एकरांचे भाडे तिने भरलेले आहे.