दोन थापा कमी

अमरावतीच्या होस्टेलवर आम्हा चौघांचा रॉकवाल्यांचा कंपू होता. डिस्को ऐकणाऱ्याला आम्ही माणसात धरत नसू. डिस्को म्हणजे बप्पी लाहिरी आणि बप्पी लाहिरी म्हणजे वरात! अशा कडक सोवळ्यात कुणीतरी क्वीन या रॉक बँडची 'द गेम' ही १९८०ची कॅसेट आणली.

'अनदर वन बाइट्स द डस्ट' लागलं आणि आमची तोंडं पडली. गिटारचा गडगडाट नाहीच. नुसता जॉन डीकनचा बेस: एकाच सुरावर तीन ठोके, मग रिकामी जागा. त्या चालीवर शिक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची सावली स्पष्ट होती. सत्तरच्या दशकात हाच क्वीन 'यात सिंथेसायझर नाही' असं रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायचा. शिवाय त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथल्या 'द हेक्टिक्स' या पोरांच्या बँडमध्ये वाजवलेला. म्हणजे जवळजवळ आपलाच. त्यानं बाटावं?

१९८२च्या 'हॉट स्पेस'मध्ये तर ही मंडळी फंक आणि डिस्कोत गळ्यापर्यंत उतरली. चाहते चिडले. त्याआधी, १२ जुलै १९७९ला, शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटानं उडवला होता. आम्हीही त्याच जातीचे. फक्त उडवायला आमच्याकडे पैसे खर्चून आणलेलं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याला मामेभावाचं लग्न. वरातीत बॅन्डवाल्यांनी 'डिस्को डान्सर' काढलं. हा सिनेमाही १९८२चाच, 'हॉट स्पेस'चा जुळा म्हणा ना! गर्दी उसळली. मी मात्र घडी घालून ठेवल्यासारखा कडेला, मोठ्या ढोलवाल्याचे हात बघत. तो मध्येच हात उचलून धरायचा आणि नेमका तेव्हाच नाचणारा खाली वाकायचा. वरात थांबली तेव्हा त्याला विचारलं. विडी पेटवत म्हणाला, "दोन थापा कमी मारल्या ना भाऊ, तं पब्लिक जास्त नाचते."

डीकन याहून वेगळं काय करत होता? आम्ही सूर मोजत होतो, त्यानं जागा सोडल्या होत्या. आणि बप्पी लाहिरी लहानपणी तबला शिकलेला, हे कळायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली.

परतीच्या एसटीत वॉकमनवर तीच कॅसेट लावली. या वेळी फक्त रिकाम्या जागा ऐकत होतो. मूर्तिजापूर येईस्तोवर शेजारच्या धोतरवाल्या बाबांना राहवेना.

"काऊन बे पोट्ट्या," ते म्हणाले, "मुंग्या आल्या का पायाले?"