जुनी जीप, नवें इंजिन

गाडीचें इंजिन बदललें म्हणजे गाडी तीच राहते कीं दुसरी होते, हा प्रश्न कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या घरांत उपस्थित झाला. वरवर पाहतां हा प्रश्न कारागिराचा. परंतु उभ्या आयुष्यांत शब्दरूपावली आणि समासचक्र यांपलीकडे कोणतेंहि यंत्र न चालविलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे त्याचा निवाडा आला. त्या निमित्तानें जें पाहावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें; कारण जुन्या वस्तु घरोघर आहेत, आणि त्या टाकाव्या कीं सुधाराव्या हा प्रश्नहि घरोघर आहे.

माझ्या धाकट्या बंधूनें १९९१ सालीं महिंद्र कंपनीची एमएम ५४० ही जीप घेतली. चारहि चाकांना इंजिनाचा जोर पोंचावा अशी तिची रचना. भोरच्या पश्चिमेस, वरंधा घाटाच्या अलीकडे, आमचें वडिलोपार्जित घर व थोडी शेती आहे. पावसाळ्यांत तेथील वाड्यांच्या वाटा म्हणजे ओढेच. त्या वाटांवरून बंधूनें वर्षानुवर्षें खत, बियाणें, दुधाच्या किटल्या आणि आजारी माणसें वाहिलीं. तो गेल्यावर गाडी त्याच्या मुलाकडे आली. मुलगा पशुवैद्य आहे. गुरांच्या मागें वाडीवस्तीवर हिंडणें हाच त्याचा उद्योग, आणि वेळ पडली तर गुरांप्रमाणें माणसांसाठींहि त्यालाच बोलावणें येतें.

श्रावणांतल्या एका रात्रीं वरच्या वाडीवरची एक बाई अडली. तिला खालीं आणावयाचें तर मध्यें एक खडा चढ आहे. पूर्वीं जो चढ ही जीप एका दमांत चढत असे, तेथें त्या रात्रीं ती तीनदां थांबली. सोबतच्या माणसांनीं उतरून पाठीमागून रेटा दिला तेव्हां कोठें माथा आला. बाळबाळंतीण सुखरूप सुटलीं. परंतु दुसऱ्या दिवशीं मुलगा गाडी घेऊन पुण्यास गेला. मिस्त्रीनें इंजिन उघडून सांगितलें कीं, हें दोनदां बोअर करून झालें आहे. आतां तिसऱ्यांदा त्यांत घेण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं.

मुलानें ठरविलें कीं, त्याच कंपनीच्या मागाहून निघालेल्या गाडीचें मोठें डिझेल इंजिन व त्याच्या जोडीचा पांच गतींचा गिअरबॉक्स असा संच आणावयाचा. घरांत ही वार्ता येतांच भावजयीनें डोळ्यांस पदर लावला. ती मला म्हणाली, “भावोजी, त्यांच्या हातचें एवढेंच उरलें आहे. त्यांतलें काळीजच काढून टाकलें, तर मागें राहिलें काय? नुसता पत्रा!” मुलगा म्हणाला, “काका, बाबा असते तर त्यांनीं हेंच केलें असतें.” दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच निवाडा कठीण होता.

मीं प्रथम या वाहनाच्या कुळाची चौकशी केली. मूळची जीप दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत जन्मली. १९४१ च्या विलीस जीपचें पेट्रोल इंजिन २१९९ घन सेंटिमीटरचें, साठ अश्वशक्तीचें. पुढें त्याच मापाच्या इंजिनाच्या आंत येणाऱ्या झडपा बाजूऐवजीं डोक्यावर बसविल्या. त्यामुळें जोर वाढला, पण इंजिनाची उंचीहि वाढली आणि तें जुन्या टपाखालीं मावेना. तेव्हां १९५३ सालीं कारखान्यानें टपच उंच केला. ती उंच कपाळाची जीप पुढें महिंद्र यांनीं आपल्या देशांत वर्षानुवर्षें बनविली. आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें जीप म्हटलें कीं तीच उभी राहते. नंतर पेट्रोल महागलें, आणि १९७९ सालीं कंपनीनें प्यूजो या फ्रेंच कारखान्याशीं करार करून त्याचें २११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन येथें बनविण्याचा परवाना घेतला. बंधूच्या गाडींत होतें तें हेंच.

म्हणजे ज्याला भावजय मूळचें काळीज समजत होती, तेंहि मूळचें नव्हतें. अमेरिकन देहांत तें फ्रान्सहून आलें होतें, आणि तीस वर्षांत तें इतकें घरचें झालें कीं त्याच्या परकेपणाची आठवणहि कोणास उरली नव्हती. हें मीं तिला सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु तिचा विरोध तेथून सैल झाला.

माझें स्वतःचें समाधान मात्र व्याकरणानें झालें. पाणिनीय शास्त्रांत एकाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि ज्याची जागा घेतली जाते तो स्थानी. ‘अस्’ या धातूच्या जागीं कित्येक रूपांत ‘भू’ येतो. ‘अस्’ हा धातु, म्हणून त्याच्या गादीवर आलेला ‘भू’ हाहि धातूच्या सर्व अधिकारांस पात्र ठरतो. मात्र शास्त्रकारांनीं येथें एक अपवाद ठेविला आहे: जें कार्य मूळच्या वर्णांवरच अवलंबून असतें, त्यांत आदेशाला स्थानीचा अधिकार चालत नाहीं. तेथें त्याचे स्वतःचे वर्ण पाहावे लागतात.

इंजिनाच्या बाबतींत हा नियम किती तंतोतंत लागू पडतो, हें मीं पुण्याच्या त्या कारखान्यांत पाहिलें. गाडीचें नांव, तिचा धनी, तिचें काम, तिच्याविषयींची आठवण, हे सारे अधिकार नव्या इंजिनाकडे आपोआप आले. परंतु वजन, लांबी, उष्णता व फेरे हे त्याचे ‘वर्ण’ झाले, आणि त्या ठिकाणीं जुन्याचा कांहींएक उपयोग नव्हता.

फेऱ्यांचेंच पाहा. जुनें इंजिन मिनिटास ४५०० फेऱ्यांवर ६२ अश्वशक्ति देत असे. नवें, २५२३ घन सेंटिमीटरचें, अवघ्या ३२०० फेऱ्यांवर ६३ देतें. मला वाटलें, एका अश्वशक्तीसाठीं एवढा खटाटोप कशाला? मिस्त्रीनें समजाविलें कीं, अश्वशक्ति हा पीळ आणि फेरे यांचा गुणाकार आहे. गुणाकार जवळजवळ तोच राहून फेरे कमी झाले, तर पीळ वाढलाच पाहिजे. मीं कागदावर भागाकार करून पाहिला. पीळ जवळजवळ दीडपट निघाला. चढावर माणसांस वर नेतो तो हा पीळ. आणि गिअरबॉक्स कां बदलावयाचा याचें उत्तरहि याच गणितांत आहे. जुन्याच दांत्यांवर ४५०० फेऱ्यांस गाडी तासीं ९० किलोमीटर धांवत असेल, तर ३२०० फेऱ्यांस ती ६४ वरच थबकेल. म्हणून सपाटीवर कमी फेऱ्यांत अधिक अंतर तोडणारी पांचवी गति हवी. इंजिन व गिअरबॉक्स हें जोडपें आहे. एकट्याला आणून भागत नाहीं.

पुढचें सारें काम संधीचें. इंजिनाचा दांडा व गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेंत आले नाहींत, तर क्लच व बेअरिंग थोड्याच दिवसांत खाऊन जातात. दोन्ही एकाच संचांतून घेतल्यामुळें ही अडचण टळली. इंजिनाचे पाये चासीवर नव्यानें बसवावे लागले, आणि तेहि असे कीं खड्ड्यांत पुढचा ॲक्सल वर उसळला तरी तेलाच्या तळपात्रास लागूं नये. जीपच्या पुढच्या ॲक्सलचा गोळा मध्यावर नसून एका बाजूस असतो. चारहि चाकांस जोर वांटणाऱ्या ट्रान्स्फर केसचें तोंड त्याच बाजूस यावें लागतें. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागील प्रोपेलर शाफ्ट आंखूड केला व पुढील लांब केला. या शाफ्टच्या दोन्ही टोकांस क्रॉस असतात. दोन्हींकडचा कोन सारखा नसेल, तर शाफ्ट एकाच फेऱ्यांत क्षणीं जलद, क्षणीं मंद फिरतो आणि सारी गाडी थरथरते. रेडिएटरहि मोठा घ्यावा लागला.

येथपर्यंत माझा पुतण्याशीं मतभेद नव्हता. तो झाला ब्रेकवरून. पैसा संपत आला होता, आणि ब्रेकचें काम पुढच्या वर्षावर टाकावें असें त्याच्या मनांत होतें. मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, तासीं ४० ऐवजीं ६० किलोमीटरनें गाडी चालली, तर तिला थांबविण्यास किती अधिक काम पडतें? त्यानें हिशेब केला. वेग दीडपट, तर गाडींतील गतिज शक्ति दीडाचा वर्ग, म्हणजे सव्वादोनपट. तीं सारी ब्रेकनेंच जिरवावयाची. आमच्या जीपला चारहि चाकांस ड्रमचे ब्रेक होते; ओढ्यांतून बाहेर पडल्यावर ओल्या ड्रमांची पकड कांहीं वेळ सुटते, हें त्याला ठाऊक होतेंच. मीं म्हटलें, “चढ चढविण्यासाठीं तूं हा खर्च केलास, पण जो चढ आहे तोच परततांना उतार आहे.” तो गप्प राहिला. भावजय आंत गेली आणि तिनें आपल्या ठेवीची पावती आणून त्याच्यापुढें ठेवली. पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक बसले. पायाच्या दाबास साहाय्य करणारा व्हॅक्यूम बूस्टर आला. आणि डिझेल इंजिनाच्या शोषणांतून पेट्रोल इंजिनासारखी पोकळी मिळत नसल्यानें ती निर्माण करणारा पंपहि आला.

वैयाकरणांत म्हणण्याची चाल आहे कीं, आदेश शत्रूसारखा येतो व आगम मित्रासारखा. आदेश दुसऱ्याला उठवून त्याची जागा बळकावतो. आगम कोणासहि न उठवितां शेजारीं येऊन बसतो. माझें असें मत झालें आहे कीं, जेथें आदेश केल्यावांचून गत्यंतर नाहीं, तेथें त्याच्याबरोबर योग्य ते आगमहि आणावे. बूस्टर आणि पंप हे आगम होत.

कायद्याचाहि येथें संबंध आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकाला मन मानेल तसा करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि उत्पादकाच्या मूळ तपशिलास सोडून फेरफार नको असेंच ठरविलें. मुलाच्या मित्रांनीं त्याला याहून दुप्पट जोराचें परदेशी इंजिन सुचविलें होतें. तो विचार त्यानें सोडला. परिवहन कार्यालयाची लेखी संमति अगोदर घेतली, नवा इंजिन क्रमांक पुस्तकांत चढविला, विमा कंपनीस कळविलें, आणि मगच गाडी रस्त्यावर आणली. घाटांत पुढून येणाऱ्या अनोळखी माणसाचाहि आपल्या ब्रेकवर हक्क असतो. कायद्यानें तोच हक्क लिहून ठेविला आहे, असें मी समजतों.

गेल्या पावसाळ्यांत ती जीप तोच चढ दुसऱ्या गतींत, न थांबतां चढली. उतरतांना मुलानें ती खालच्या गतींत ठेवून इंजिनाच्याच आवराखालीं आणली. भावजय पुढच्या आसनावर होती. तिनें विचारलें, “आवाज वेगळा येतो, नाहीं?” मुलगा म्हणाला, “हो, आई.” त्यावर ती म्हणाली, “येईल संवयीनें ओळखूं.”

धाकट्यांच्या हातीं कारभार देतांना घरोघर हाच क्रम पाळला जावा असें वाटतें. जोर अवश्य द्यावा. त्यावांचून चढ चढत नाहीं. परंतु ज्यास जोर द्यावयाचा, त्यास आवरण्याचें साधन त्याच्याबरोबरच द्यावें, पुढच्या वर्षावर टाकूं नये.

जुनें इंजिन भंगारांत गेलें नाहीं. माझ्या सूचनेवरून तें जवळच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस दिलें. तेथील मुलें तें खोलतात, पुसतात, पुन्हा जुळवितात आणि पुन्हा खोलतात. तें आतां कोणास कोठें नेत नाहीं, हें खरें. परंतु विद्यार्थ्यांच्या हातीं पडलेली वस्तु वायां गेली, असें मला आजवरच्या मास्तरकींत कधीं वाटलें नाहीं.