चाकूंची पेटी

सेलू नावाची दोन गावे आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. एक परभणी जिल्ह्यात आहे. दुसरे आमचे, वर्धा जिल्ह्यातले. वर्ध्याहून नागपूरच्या सडकेने निघाले म्हणजे प्रथम धाम नदीच्या काठचे पवनार लागते, ते मागे पडले की सेलू येते, आणि त्याच्याही पुढे टेकडीवरच्या गणपतीमुळे सर्वश्रुत झालेले केळझर. आगगाडीने येणाऱ्यास ‘सेलू रोड’ या लहानशा स्थानकावर उतरावे लागते, आणि नावातील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ पुढे गावापर्यंतची वाट चालू लागल्यावर उमगतो. केळीच्या बागा आणि कापूस यांवर हे गाव वाढले. बागा आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. कापूस मात्र अद्याप आहे. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून यावे असे येथे फारसे काही नाही, हे मी येथे जन्म काढूनही प्रांजळपणे सांगतो. तथापि या गावाविषयी दोन शब्द लिहावेत असा प्रसंग गेल्या उन्हाळ्यात घडला, आणि त्याचे निमित्त झाली माझ्या खोलीतील एक लोखंडी पेटी.

त्या पेटीत चाकू होते. सारे घडीचे, खिशात मावणारे. मोजले तेव्हा अठ्ठावन्न भरले.

हा छंद मला वडिलांच्या चाकूपासून लागला. ते लोकांचे अर्ज व दस्तऐवज लिहून देत. शिंगाच्या मुठीचा एक लहान चाकू सदैव त्यांच्या कोटाच्या खिशात असे. आम्ही मुले कित्ता गिरवावयास बसलो म्हणजे तेच आमचे बोरू तासून देत. बोरूचे टोक तिरपे छाटावयाचे, मध्ये केसासारखी बारीक चीर द्यावयाची, आणि मग नखावर टेकवून पाहावयाचे. चीर जरा सरळ गेली नाही तर शाई फुटे आणि अक्षर बिघडे. माझे अक्षर बरे आहे असे लोक म्हणतात. त्याचे निम्मे श्रेय त्या चाकूचे होय.

फारसीत अशा चाकूस कलमतराश म्हणतात, म्हणजे लेखणी तासणारा. इंग्रजीतही त्याच्या नावात लेखणीच आहे, कारण तिकडे पिसाच्या लेखण्या तासण्यास तो लागे. इंग्लंडातील शेफील्ड शहर चाकूंसाठी इतके जुने नावाजलेले आहे की चौदाव्या शतकातील चॉसर कवीनेही आपल्या काव्यातील एका गिरणीवाल्याजवळ शेफील्डचाच चाकू दिला आहे. त्या शहरातील रॉजर्स कंपनीचे चाकू, पात्यावर तारा आणि क्रूस अशी खूण असलेले, आपल्या देशातही पुष्कळ आले. फ्रान्सच्या डोंगराळ सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा जो साधा चाकू काढला, तो शेतकऱ्यांच्या खिशासाठीच होता. जपानात हिगोनोकामी नावाच्या पत्र्याच्या मुठीच्या चाकूने शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पेन्सिली तासल्या. सारांश, हे लहानसे हत्यार सर्वत्र लेखकाचे, शेतकऱ्याचे आणि विद्यार्थ्याचे होते. दंगेखोराचे ते मागाहून झाले.

वडील गेल्यावर त्यांचा चाकू माझ्याकडे आला, आणि तेव्हापासून, का कोण जाणे, दुसऱ्यांचे चाकू दृष्टीस पडू लागले. आठवडी बाजारात जुने लोखंड घेऊन बसणाऱ्याकडे एखादा मिळे, धार लावणाऱ्या शिकलगाराकडे एखादा निघे. उत्तरेच्या यात्रेत रामपूरचा एक घेतला. तो घरात दाखवण्याचे धैर्य मला पुष्कळ दिवस झाले नाही. शिंग, शिसम, पितळ, हाडे अशा नाना मुठींचे चाकू जमत गेले. प्रत्येकास फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून मी ते पेटीत ठेवी आणि कुलूप लावी. घरात लहान मुले असल्यामुळे कुलपास कोणी हरकत घेतली नाही. एकत्र कुटुंबात एखाद्याचे इतके चालतेच.

गेल्या चैत्रात धाकटा नातू पेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, “आजोबा, तुमच्याजवळ एवढे चाकू आहेत, मला टोक काढून द्या ना!” मी मोठ्या हौसेने पेटी उघडली. पहिल्याचे पाते गंजून मुठीत रुतून बसले होते. दुसऱ्याची कमान तुटली होती. तिसरा उघडला, पण त्याने लाकूड कापले जाण्याऐवजी कुरतडले गेले. असे सात-आठ झाल्यावर नातू स्वयंपाकघरात गेला आणि सूनबाईच्या भाजीच्या सुरीने टोक काढून घेऊन आला. ते टोक चांगले झाले होते. चाकूंच्या मालकाच्या वाट्यास इतकी मानखंडना पुरे होती.

त्या रात्री मी दोन गोष्टींचा विचार केला. या जिल्ह्यात राहून असंग्रहाची आठवण न होणे अशक्य. आमच्यापासून सेवाग्राम किती लांब! गांधीजी १९३६ साली त्या गावी राहावयास आले. तेव्हा त्याचे नाव शेगाव होते; बुलढाण्याकडील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली सेवाग्राम झाले. शाळेची मुले घेऊन मी बापूकुटीत अनेकदा गेलो आहे. मातीच्या भिंती, चटई आणि वापरातल्या मोजक्या वस्तू. मुलांना मी तेथे असंग्रह व्रताचा अर्थ सांगे, योगसूत्रांतील पाच यमांत अपरिग्रह येतो हेही सांगे, आणि घरी आल्यावर बाजारातून आणलेला नवा चाकू फडक्यात गुंडाळी. या दोहोंतील विसंगती तीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नाही.

पण दुसरीही बाजू आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांचे संग्रहालय मी पाहिले आहे. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. दिवे, दौती, कुलपे, अडकित्ते, जे जे सामान्य घरांतून नाहीसे होऊ लागले होते, ते त्यांनी जमवले. आपला एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेथील अडकित्ते पाहताना हा परिग्रह आहे असे कोणाच्या मनात येईल काय? आणि आमच्या वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे. खादीची व ग्रामोद्योगांची अवजारे लोकांना पाहता यावीत म्हणून उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी खुद्द गांधीजींनी केले. असंग्रहाचे व्रत घेतलेल्या पुरुषाने संग्रहालय उघडावे, यात मला पूर्वी विनोद वाटे. आता वाटत नाही. केळकरांचे दार उघडे होते, मगन संग्रहालयाचे दार उघडे आहे. कुलूप होते ते माझ्या पेटीला.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटी हलकी करावयास घेतली. शिकलगाराला ओसरीवर बसवून ज्या चाकूंना धार लागण्यासारखी होती त्यांना लावून घेतली. जे केवळ गंजाचे गोळे झाले होते ते लोहाराकडे गेले. सूनबाईने पितळी मुठीचा एक मागून घेतला. थोरल्या भावाने सुपारीसाठी एक उचलला, आणि तो मला पहिल्यापासून आवडत होता असे आता सांगितले! शेजारपाजारचे शेतकरी, सुतार, एक टपालवाला, ज्याच्या हातास जो शोभेल तो त्यास दिला. आपल्याकडे चाकू हातावर देऊ नये, भांडण होते, असा समज आहे. म्हणून मी तो ओट्यावर ठेवी आणि समोरचा उचली. सोपे गेले असे म्हणणार नाही. काही चाकू मी दोनदा ओट्यावर ठेवून दोनदा परत घेतले. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण सांगितली आहे: पेन्सिलीचा एक तुकडा हरवला म्हणून ते बराच वेळ शोधत राहिले, दुसरी पेन्सिल घेईनात, कारण तो तुकडा मद्रासेतील एका लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. तेव्हा वस्तू सोडणे म्हणजे तिच्यामागचे माणूस विसरणे नव्हे, एवढे मी स्वतःस बजावत होतो.

आणि पेटीच्या तळाशी ते माणूस निघाले. बाभळीच्या लाकडाची ओबडधोबड मूठ, झिजून अर्धे राहिलेले पाते, आणि माझ्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी: एका मुलाचे नाव, इयत्ता चौथी, १९८८. चौथीतल्या मुलाच्या दप्तरात चाकू सापडला म्हणून मी तो जप्त केला होता. वर्ष संपताना परत द्यावयाचा, असा माझा नियम होता. हा दिला नाही. विसरलो असे म्हणता आले असते. पण विसरलेल्या वस्तूस कोणी फडक्यात गुंडाळून चिठ्ठी बांधीत नाही.

त्या मुलाचे गाव बोर धरणाकडे जाणाऱ्या हिंगणीच्या वाटेवर आहे. पलीकडे बोरचे जंगल सुरू होते. १९७० साली ते अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. सकाळच्या मोटारीने गेलो. उन्हाळ्याचे दिवस, पळस फुलून गेलेला, वावरे नांगरून उघडी पडलेली. विचारत विचारत घर सापडले. माझा विद्यार्थी आता पंचेचाळिशीच्या पुढचा, मिशा पांढऱ्या होऊ लागलेल्या. “या गुरुजी,” म्हणून त्याने बाज टाकली, पाणी आणले, पाया पडला. मी चाकू काढून बाजेवर ठेवला.

त्याने तो लगेच उचलला नाही. बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हा आबाजीचा हाये, गुरुजी.”

त्याचे आजोबा संत्र्याच्या कलमा बांधीत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवण्याची विद्या त्यांच्या हातात होती, आणि त्यासाठी गावोगावचे लोक त्यांस बोलवीत. शाळेत पेन्सिलीला टोक काढावयास म्हणून नातवाने तो चाकू एक दिवस न विचारता नेला, आणि तोच दिवस माझ्या झडतीचा निघाला.

“मी त्यायले सांगतलं का चाकू वावरात पडला,” तो म्हणाला. “त्यायनं दोन दिवस वावर धुंडलं. गुरुजीनं घेतला असं सांगाची हिंमत नाही झाली.”

मी काय बोलणार? तो वृद्ध माणूस उन्हात वाकून ढेकळे उलटी करीत आहे आणि त्याचा चाकू माझ्या कुलपात आहे, हे चित्र माझ्यासमोर उभे राहिले. “माझे चुकले,” एवढे मी म्हणालो. गुरुजीने असे म्हणावे याची त्याला सवय नव्हती. तो अवघडला आणि चहा सांगावयास आत गेला. परत आल्यावर मात्र त्याने चाकू उचलला, अंगठ्याने धार पाहिली आणि अंगणातील लिंबाची एक कोवळी फांदी तिरपी छाटली. काप स्वच्छ आला. “धार लावून आणली जी तुमी,” तो म्हणाला. आजोबा १९९६ साली गेले, तोवर दुसऱ्या चाकूने कलमा बांधीत होते. पण हा हलका होता असे शेवटपर्यंत म्हणत, हेही त्याने सांगितले. रागाने सांगितले नाही. तसे सांगितले असते तर मला बरे वाटले असते.

मोटार येईपर्यंत आम्ही बांधावर बसलो. कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे झाडाचेही, हे भाषेचे पुस्तक शिकवताना मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. दोहोंसही तिरपा, स्वच्छ काप लागतो. एका चाकूने मला अक्षर दिले. तसाच दुसरा मी एका घरातून काढून आणला आणि चौतीस-पस्तीस वर्षे निरुपयोगी करून ठेवला. पावसाळ्यानंतर जंबेरीची रोपे आणून आपण पुन्हा डोळे बांधून पाहू, असे माझा विद्यार्थी म्हणाला. आजोबांच्या हाताखाली त्याने ते लहानपणी पाहिलेले होते.

पेटीत आता घरातल्या मुलांची जुनी पुस्तके आहेत आणि तिला कुलूप नाही. वडिलांचा शिंगाच्या मुठीचा चाकू तेवढा मी ठेवला आहे. तो खिशात असतो. नातवाच्या पेन्सिलीस रोज सकाळी मीच टोक काढून देतो, आणि ते सूनबाईच्या सुरीपेक्षा बरे होते, असे तो आता म्हणू लागला आहे.