शिकाऊ परवाना आणि शेजारची जागा

धार-मनावरकडच्या आम्हां मराठी मंडळींना घोडेस्वारीचा वारसा सांगण्याची मोठी हौस. पवारांच्या फौजेबरोबर पूर्वज इकडे उतरले, हे सांगताना ऊर भरून येतो; पण शिकणाऱ्याच्या घोड्याचा लगाम किती दिवस दुसऱ्याच्या हाती असे, ते मात्र कोणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी नातवाला सोळा पूर्ण झाली आणि शिकवणीला जाण्याकरिता त्याने स्कूटरची किल्ली मागितली. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, हे त्याने कोठूनसे ऐकले होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आहेही. पण ती 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरती. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे 1972 साली आलेली कायनेटिकची लूना असावी. आज दुकानात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर बहुधा 100 सीसीच्या वरच्या. म्हणजे परवाना आहे, त्याजोगे वाहन नाही! अठरापर्यंत थांबणे आले.

‘‘आबा, इथे कोण बघतंय?’’ तो म्हणाला. पोलीस बघत नसतीलही. पण कापसाच्या हंगामात मनावरच्या रस्त्यांवर दुतर्फा ट्रॉल्या, त्यांत सिमेंटचे अवजड ट्रक. तेथे चालकाला मूल अठराचे की सोळाचे, हे दिसत नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती वाहन देणारा पालकच दोषी ठरतो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. सूनबाईंनी किल्ली कपाटात ठेवली. चार दिवस घरात अबोला होता.

आता त्याला अठरा पूर्ण होत आहेत. वाहतूक चिन्हांची परीक्षा हल्ली घरबसल्या संगणकावर देता येते. तीत तो उत्तीर्ण होईल, याची आम्हांस शंका नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परीक्षेपूर्वी निदान तीस दिवस जावे लागतात. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. ही पाटी लावण्याची मुलांना लाज का वाटावी, कळत नाही.

खरी अट निराळीच आहे. वैध परवाना असलेला शिकविणारा सोबत हवा, आणि तोही गाडी थांबविता येईल अशा जागी बसलेला. दुचाकीवर तर त्याच्याखेरीज कोणालाही बसविता येत नाही. म्हणजे मित्राला मागे घेऊन बाजारात चक्कर मारणे बाद. अर्ज, छायाचित्र, शुल्क यांची चौकशी घरोघर होते. शेजारी कोण बसणार, हे क्वचितच कोणी विचारते.

आमच्या घरी मात्र त्यावर खल झाला. आमच्या परवान्याची मुदत टळून गेलेली. नूतनीकरणास डॉक्टरांचा दाखला हवा, आणि मोतीबिंदू अद्याप पिकतो आहे. चिरंजीव इंदूरला. तेव्हा रोज गाडीने शाळेत शिकवायला जाणाऱ्या सूनबाईच शेजारी बसतील, असे ठरले. त्यांनी पहिला आठवडा पहाटे साडेपाचची वेळ दिली आहे. नातवाने ती मुकाट्याने मान्य केली.