घासून जाण्यासाठी काढलेली चित्रं

स्केटबोर्डावरचं चित्र खालच्या बाजूला असतं. वर काळा, खरखरीत ग्रिप टेप. म्हणजे बोर्डावर उभ्या असलेल्याला चित्र दिसतच नाही. तो हवेत उडाला की बघणाऱ्याला क्षणभर दिसतं. लोखंडी रेलिंगवरून किंवा कठड्यावरून बोर्ड घसरवत नेला, की सगळ्यात आधी खरवडली जाते तीही हीच बाजू. जितकं जास्त खेळाल, तितकं चित्र कमी उरणार.

मला हे जग भेटलं टोनी हॉकच्या व्हिडिओ गेममुळे. त्याच्या बोर्डावरची पक्ष्याची कवटी मी अनेक वर्षं 'टोनी हॉकची' म्हणूनच ओळखत होतो. बोर्डावर नाव त्याचंच होतं ना! पण ती काढली होती व्हर्नन कोर्टलँड्ट जॉन्सन यांनी. पॉवेल-पेराल्टा या कॅलिफोर्नियातल्या कंपनीसाठी कागद फाडून डोकावणारा 'रिपर' सांगाडाही त्यांचाच, १९८३चा. त्यांच्या कवट्यांत हाडाची प्रत्येक खाच जागच्या जागी असते, म्हणून त्या विनोदी न वाटता जुन्या काळातल्या वाटतात.

सांताक्रूझचे जिम फिलिप्स अगदी उलट. त्यांचा १९८५चा निळा 'स्क्रीमिंग हँड', म्हणजे तळव्यात तोंड असलेला किंचाळणारा हात, तुम्ही कुणाच्या तरी टीशर्टवर नक्की पाहिला असेल. रॉब रॉसकॉपच्या बोर्डांवर तर त्यांनी गोष्टच सांगितली: नेमबाजीचं लक्ष्य फोडून एक राक्षस बाहेर येतोय, आणि प्रत्येक नव्या बोर्डावर थोडा अधिक बाहेर आलाय. पुढचा भाग हवा असेल तर पुढचा बोर्ड घ्या!

हे सगळं स्क्रीन प्रिंटिंग होतं. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, आणि छापायचं मेपलच्या सात थरांच्या वाकवलेल्या फळीवर. पुढे प्लास्टिकच्या फिल्मवरून उष्णतेने चित्र उतरवण्याची सोपी पद्धत आली.

स्वतः पॉवेलमध्ये चित्रं काढलेल्या शॉन क्लिव्हरने २००४ साली या कलेचा इतिहास लिहिला. पुस्तकाचं नाव 'डिस्पोजेबल'. वापरा आणि टाका.

२०१९मध्ये सदबीजने 'सुप्रीम'च्या २४८ बोर्डांचा संच आठ लाख डॉलरला विकला. त्यात डेमियन हर्स्ट, मुराकामी अशी गॅलरीतली नावं होती. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. गॅलरीतल्या चित्रकाराचं नाव बोर्डाबरोबर आपोआप येतं. व्हीसीजे मात्र शोधावे लागतात.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली, ते ती सांगते. ओळ उद्या पुसली गेली तरी इतिहासात नाव राहतं. या चित्रांसाठी मला एवढंच हवंय. रंग घासून गेला तर जाऊ दे, तो त्यासाठीच होता. नाव जायला नको.